बाजूची सीट

त्याचं कागदावरचं नाव वेगळं होतं, पण ते वाचायची वेळ फक्त पोलिसांवर आणि डॉक्टरांवर यायची. बाकी जगासाठी तो भिंगरी. चालायला लागल्यापासून पोर एका जागी ठरेना, म्हणून आईनेच पाडलेलं ते नाव. "याच्या पायाला भिंगरी आहे, हा कुणाच्या हाती लागायचा नाही," असं ती म्हणायची, आणि आईचा शब्द खरा करायचा विडाच जणू पोराने उचलला. मिसरूड फुटायच्या आत तो ट्रकवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, आणि पुढची तीसेक वर्षं त्याने चाकांवर काढली. लग्नाचं राहूनच गेलं. मुलगी बघायचा दिवस ठरला की हा नेमका त्या दिवशी चार नद्या पलीकडे कुठल्या तरी घाटात. शेवटी मध्यस्थांनीच हात टेकले.

घर म्हणावं अशी एकच जागा त्याला होती, थोरल्या बहिणीची. आक्का एका लहानशा गावात राहायची. तिथे येईपर्यंत नदी रुंद आणि आळशी झालेली, आणि गाव संपलं की जरा पुढे समुद्रच. एक पूल, एक धक्का, काठाला उतरणारा एक अरुंद रस्ता आणि सुटीवाल्यांसाठी दोन्ही तीरांवर उगवलेली लॉज. त्यातल्या अलीकडच्या तीरावरच्या लॉजमधल्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल धुवायचं काम आक्का आणि तिच्या नवऱ्याचं. खाली लाँड्री, वर घर. त्या बाजूचा माल मिळाला की भिंगरी वाट वाकडी करून एका रात्रीपुरता तिथे टपकायचा. मग आक्का हातातलं काम टाकून त्याच्या आवडीचं रांधायची, आणि हा जेवता जेवता घाटांच्या, दरडींच्या, धुक्यात हरवलेल्या रस्त्यांच्या गोष्टी सांगायचा. भाऊजी ऐकता ऐकता पेंगायला लागायचे. आक्का मात्र हात वाळला तरी ताटावरून उठायची नाही. उजाडायच्या आत हा निघून गेलेला असायचा. राजासारखा यायचा, राजासारखा जायचा.

आणि मग एका पेट्रोल पंपावर, हातात चहाचा कप असताना, राजा उभ्याचा आडवा झाला. शुद्धीवर आला तेव्हा जीभ चावलेली होती आणि भोवती अनोळखी चेहऱ्यांचं रिंगण. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "झटका पुन्हा येईल, किंवा कधीच येणार नाही. पण गाडीचं चाक आता हातात धरायचं नाही."

"किती दिवस?"

"दिवसांचा हिशोब सोडून द्या," डॉक्टर म्हणाले.

भिंगरीने बॅग भरली आणि आयुष्यात पहिल्यांदा बसमध्ये प्रवासी म्हणून बसून आक्काकडे आला. या वेळी राहायला.

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. ही म्हण घरात कुणीच तोंडातून काढली नाही, पण भिंगरीला ती ऐकू यायची. त्याला माडीवरची खोली दिली होती. खिडकीतून पूल दिसायचा. पुलावरून ट्रक चालले की तो अंथरुणातूनच सांगायचा, हा जास्त भरलाय, याचा क्लच गेलाय. न हलणाऱ्या पलंगावर त्याला झोप लागायची नाही. सकाळी उठून तो पुलापासून समुद्रापर्यंत चालायचा, समुद्रापासून पुलापर्यंत चालायचा आणि चहा घेऊन पुन्हा निघायचा. धक्क्यावर जाळी दुरुस्त करत बसलेले म्हातारे पहिल्या आठवड्यात विचारायचे, "काय, फिरायला?" दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारणं सोडून दिलं. तो दिसला की एकमेकांकडे बघून नुसते हसायचे.

गाव वाईट नव्हतं, आणि तीच खरी पंचाईत होती. सुटीच्या दिवशी गाड्या भरभरून माणसं यायची, धक्क्यावर उभी राहून लांब श्वास घ्यायची आणि म्हणायची, "काय शांत आहे हो! इथेच राहावंसं वाटतं." एका बाईंनी तर त्यालाच विचारलं, "तुम्ही इथलेच का?" त्याने तोंड उघडलं, पण उत्तर काही बाहेर पडलं नाही. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर मग कुठला? बाईंना वाटलं, याला ऐकू कमी येतं. त्यांनी तोच प्रश्न मोठ्याने विचारला.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं त्याचं लाँड्रीत चाललं होतं. त्याने सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. ढकलगाड्यांची चाकं काढून पुन्हा बसवली. मग एके दिवशी त्याने गठ्ठे ठेवायची पद्धत सुधारायला घेतली, आणि धक्क्याजवळच्या लॉजच्या चादरी गेल्या टेकडीवरच्या लॉजला, टेकडीवरच्या टॉवेलांनी कुणी तरी धक्क्याजवळ अंग पुसलं. दोन्हीकडून फोन आले. आक्का फोनवर गोड बोलली, फोन ठेवला आणि त्याच्याकडे वळली.

"भिंगरी, तू बस बघू."

"बसलोच होतो की."

"तू बसत नाहीस रे. तू थांबलेला असतोस, सिग्नलला थांबल्यासारखा."

त्यातल्या त्यात बरा वेळ म्हणजे भाऊजींबरोबर व्हॅनमधून गठ्ठे पोचवायला जायचं. पण तोही छळच. भाऊजी अबोल माणूस, गाडी चालवायचे तीसुद्धा डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखी. सपाट रस्ता आला तरी दुसऱ्या गियरमधून बाहेर पडायचे नाहीत. भिंगरी बाजूच्या सीटवर बसून पाय खालच्या पत्र्यावर दाबायचा.

"भाऊजी, गियर बदला ना. रडतेय ती."

"रडू दे," भाऊजी म्हणायचे. "पोचतेय ना?"

असेच दिवस चालले होते, आणि एका दुपारी भाऊजींची दाढ ठणकायला लागली. गाल धरून ते पायीच दाताच्या डॉक्टरकडे गेले. आक्का खाली इस्त्रीच्या गरम रोलरच्या यंत्राशी चादरी सरकवत होती. व्हॅन मागच्या अंगणात उभी, किल्ली खिळ्याला, आणि समुद्राकडच्या लॉजचा एक गठ्ठा चुकून मागे राहिलेला. निमित्तच शोधायचं म्हटलं तर तेवढं पुरे. किल्ली हातात कधी आली हे भिंगरीला कळलंसुद्धा नाही, असं तो पुढे सांगायचा. पण ते खरं नव्हतं. त्याला चांगलं कळलं होतं. आक्काची पाठ वळायची त्याने वाट पाहिली होती.

गठ्ठा पोचवून झाला. मग त्याने गाडी पुलाकडे घेतली. पूल ओलांडला, पलीकडच्या तीरावर चढ लागला, आणि त्या म्हाताऱ्या व्हॅनने, जिला इतकी वर्षं कुणी तिसरा गियर दाखवला नव्हता, तिने चौथ्यात असा सूर धरला की भिंगरी एकटाच मोठ्याने हसला. हातांना सगळं आठवत होतं. वाऱ्याने बाही फडफडत होती. हमरस्त्याच्या तोंडाशी तो थांबला. समोरून ट्रक चालले होते, एकामागून एक, सगळे कुठे तरी. त्याला क्षणभर वाटलं, घालावी गाडी त्यांच्यात. पण आक्काची व्हॅन होती. त्याने वळवली.

परतताना पूल उतरल्यावरचा गचका त्याला नीट आठवत होता. त्यानंतर आठवत होतं ते एकदम शाळेसमोरचं. शिट्टी वाजत होती, शाळेतल्या एक बाई हात आडवा करून उभ्या होत्या, आणि लहान मुलींची रांग हात धरून रस्ता ओलांडत होती. गाडी थांबलेली होती. पाय ब्रेकवर होता. मुलींपासून अंतरही चांगलं होतं. वाकडं काहीच झालं नव्हतं.

फक्त पुलापासून शाळेपर्यंतचा रस्ता त्याच्याजवळ नव्हता. मधे बाजाराचं वळण होतं, घड्याळवाल्याचं दुकान होतं, उतार होता. तो त्यातून गाडी घेऊन आला होता, हे तर उघडच होतं. पण कसा? त्याने आठवून पाहिलं. हाती काही लागलं नाही. रोज गाडी चालवणाऱ्या माणसाची तंद्री लागते, हे त्याला ठाऊक होतं. हजारदा असा मैलोन्‌मैल रस्ता न आठवता तो घरी पोचला होता, आणि तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. ही तीच तंद्री होती का? की तो तेवढा वेळ नव्हताच?

शेवटची मुलगी मागे वळून त्याच्याकडे बघून हसली. तिचे पुढचे दात पडलेले होते. भिंगरीने इंजिन बंद केलं, किल्ली काढली, दार उघडून खाली उतरला आणि चालायला लागला.

"ओ काका!" बाई ओरडल्या. "गाडी! अहो, गाडी!"

मागे हॉर्न सुरू झाले. त्याने वळून पाहिलं नाही. लाँड्रीत येऊन तो गरम चादरींच्या ढिगाशेजारी बाकावर बसला, किल्ली मुठीत आवळून.

"काय रे? कुठे होतास?" आक्का म्हणाली.

"गाडी शाळेपाशी आहे."

आक्काने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या खिळ्याकडे. यंत्र बंद केलं, त्याच्या मुठीतली किल्ली काढून घेतली आणि तशीच, पुढे बांधलेल्या ओल्या फडक्यासकट, बाहेर पडली. तिला गाडी चालवता येत नव्हती. पण रस्ता तर तुंबला होता. तेव्हा बाईंनी शाळेचा शिपाई बोलावला, घड्याळवाला आला, दोन सुटीवाले उतरले, आणि त्यांनी आक्काला ड्रायव्हरच्या जागेवर बसवून गाडी ढकलत ढकलत उतारावरून कडेला लावली.

भाऊजी तोंडात कापसाचा बोळा घेऊन घरी आले तेव्हा आक्काचा पट्टा सुरू झालेला होता.

"तुला मरायचं असेल ना, तर नदी आहे, समुद्र आहे, काय वाट्टेल ते कर. पण त्या पोरींनी तुझं काय घोडं मारलंय? चादरीवरचा रक्ताचा डाग मला काढता येतो, भिंगरी. रस्त्यावरचा कोण काढणार?"

भाऊजी गाल धरून "हं" एवढंच म्हणाले. दाढ नसती काढली तरी तेवढंच म्हणाले असते.

सकाळी उजाडल्या उजाडल्या भिंगरी बॅग घेऊन जिना उतरला. कुठे जायचं हे ठरलं नव्हतं. बसस्टँडवर पहिली लागेल ती बस. निरोप घेताना काय बोलायचं तेही ठरलं नव्हतं, म्हणून तो मागच्या दाराने निघाला. अंगणात व्हॅन उभी होती, आणि व्हॅनमध्ये, ड्रायव्हरच्या सीटवर, आक्का बसलेली होती. केस नीट बांधलेले, दोन्ही हात चाकावर, नजर समोरच्या भिंतीवर.

"बॅग मागे टाक आणि बस," ती म्हणाली.

"स्टँडवर सोडतेस?"

"सोडते. कसं ते तू सांग."

त्याला आधी वाटलं, रागाने बोलतेय. मग त्याने तिचा चेहरा पाहिला. लहानपणी आंब्याच्या झाडावर चढायच्या आधी तिचा चेहरा असा व्हायचा. चढायला तो पुढे असायचा खरा, पण वरपर्यंत पोचायची आक्काच.

"आक्का, तुझं वय काय, तू करतेस काय?"

"वय माझ्याकडे राहू दे. काल त्या लोकांनी गाडी ढकलली ना, तेव्हा हे चाक माझ्या हातात फिरलं. मी डावीकडे म्हटलं की गाडी डावीकडे. एवढं माझं या घरात कोण ऐकतं?" तिने चाकावरून बोट फिरवलं. "तू यायचास, जेवायचास, त्या घाटांच्या गोष्टी सांगायचास आणि निघून जायचास. तुला काय ठाऊक, तू गेल्यावर मी काय करायचे? दुसऱ्या दिवशी चादरी सरकवताना मी तेच रस्ते पुन्हा पुन्हा चालायचे. चादर संपली की वळण. अरे, मला घाट म्हणजे काय तेही ठाऊक नाही. या पुलाच्या पलीकडे मी फार तर लग्नाकार्याला गेलेय, तेसुद्धा मागच्या सीटवर, मांडीवर डबे घेऊन."

भिंगरी उभाच राहिला. इतक्या वर्षांत त्याला वाटत आलं होतं की ऊर फुटेस्तोवर पळण्याची हौस आईने एकट्या त्यालाच दिली.

त्याने बॅग मागे टाकली आणि बाजूच्या सीटवर बसला.

"आधी आरसा बघ," तो म्हणाला.

"कशाला? केस ठीक आहेत माझे."

"मागचं दिसतं का ते बघ, बये!"

त्या दिवशी गाडी अंगणाबाहेर पडली नाही, स्टँड राहिलं आणि बॅग गाडीतच पडून राहिली. नदीच्या मुखाशी ओहोटीला वाळूचा मोठा पट्टा उघडा पडायचा, टणक आणि सपाट. ओहोटीची वेळ साधून भाऊजी गठ्ठे भरलेली गाडी आधी तिथे आणून सोडायचे, ते दोघं तासभर शिकवणी करायचे आणि मग भाऊजी पायी येऊन गाडी ताब्यात घ्यायचे. शिकवणी म्हणजे भांडणच होतं. भिंगरीला शिकवता यायचं नाही. त्याचं ज्ञान हातापायांत होतं, तोंडात नव्हतं. "क्लच सोड" म्हटलं की आक्का तो एकदम सोडायची, गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची आणि मागचे गठ्ठे पाठीवर येऊन आदळायचे.

"हळू सोड म्हटलं ना!"

"तू 'सोड' म्हणालास. 'हळू' नंतर म्हणालास."

दर वेळी त्याचा हात आपोआप चाकाकडे जायचा आणि दर वेळी तो मागे घ्यायचा. शेवटी त्याने दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबायला सुरुवात केली. खिशात मुठी आवळून, पाय पत्र्यावर रोवून, समोरचा रस्ता दुसऱ्याच्या हातात बघत बसणं. असला छळ त्याने कुठल्या घाटात सोसला नव्हता. पण हळूहळू आक्काचा हात बसला. गियर न कुरकुरता पडायला लागला. आणि एका सकाळी ती वाळूच्या टोकापर्यंत सरळ रेषेत, तिसऱ्या गियरमध्ये, ओठ घट्ट मिटून गेली. तेव्हा भिंगरीचंच भान सुटलं.

"अजून पुढे घे," तो म्हणाला. "त्या खडकापर्यंत. घे, घे, दाब!"

खडकाच्या अलीकडे वाळू मऊ होती. पुढची चाकं आत गेली, आक्काने घाबरून पाय आणखी दाबला, आणि चाकांनी स्वतःच आपला खड्डा खणला. गाडी रुतली ती रुतलीच. भिंगरी उतरला, वाकून पाहिलं. मग त्याने समुद्राकडे पाहिलं. मघाशी लांब दिसणारी फेसाची रेघ आता लांब नव्हती. भरती लागली होती.

"उतर," तो म्हणाला. "मी काढतो."

"नाही."

"आक्का, असल्या चिखलातून मी लादलेले ट्रक काढलेत. वेळ घालवू नकोस, उतर!"

"आणि चाकावर बसल्या बसल्या आडवा झालास तर? पाय दाबलेलाच राहिला तर?" तिचे दोन्ही हात चाकावर घट्ट होते. "मी उतरणार नाही. काय करायचं ते सांग."

पहिली लाट त्याच्या बुटांपर्यंत आली आणि परत गेली. भिंगरीने भोवताली पाहिलं. एक फळकूट नाही, दगड नाही, झुडूप नाही. नुसती वाळू. आणि मागे गाडीत, धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, चौकोनी घड्या घातलेल्या चादरी.

"आक्का," तो म्हणाला, "तू आता मला शिव्या देणार आहेस."

त्याने मागचं दार उघडलं आणि गठ्ठे सोडले. चाकांपुढची वाळू हातांनी उपसली आणि पांढऱ्याशुभ्र चादरी एकावर एक, जाडच्या जाड, चाकांखाली कोंबल्या. मग टॉवेल. आक्काने खिडकीतून वाकून ते पाहिलं आणि खरोखरच शिवी दिली. आईकडून शिकलेली, त्याने कित्येक वर्षांत न ऐकलेली. पाणी घोट्यांपर्यंत आलं.

"दुसऱ्या गियरमध्ये टाक. पहिल्यात नाही, दुसऱ्यात! क्लच अगदी हळू सोड, झोपलेल्या पोराच्या अंगाखालून हात काढतेस तसा. आणि एकदा निघालीस की रस्त्याकडे वळवायची, थांबायचं नाही. काहीही झालं तरी टणक जागेपर्यंत थांबायचं नाही!"

"तू पाण्यात तोंडघशी पडलास तर मी गाडी सोडून येणार नाही, सांगून ठेवते!"

"नकोच येऊस!"

तो मागे गेला आणि खांदा लावला. इंजिन घुमलं. गाडी हलली, परत बसली, पुन्हा हलली. चादरी चाकांखाली करकचल्या. मग काही तरी सुटल्यासारखं झालं आणि त्याच्या खांद्यासमोरची गाडी एकदम नाहीशी झाली. तो गुडघ्यांवर पडला. वर पाहिलं तर व्हॅन डुलत डुलत निघाली होती, मागचं दार उघडं, एक टॉवेल शेपटीसारखा लोंबत. ती थांबली नाही. टणक वाळूवर गेली तरी थांबली नाही. लहान लहान होत थेट रस्त्यापर्यंत गेली.

भिंगरी पाण्यात बसून बघत राहिला. गाडी जाताना मागून कशी दिसते, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. मग तो धडपडत उठला, कारण चादरी वाहून चालल्या होत्या.

त्या दिवशी सगळा माल पुन्हा धुवावा लागला. लॉजवाल्यांना काय सांगायचं, यावर घरात वाद झाला. भाऊजींनी कापूसमुक्त तोंडाने त्या वर्षातलं सगळ्यांत लांब वाक्य उच्चारलं: "सांगा, समुद्राच्या पाण्यात धुतल्या, जास्त पैसे पडतील." बॅग कुणी तरी गाडीतून काढून माडीवर नेऊन ठेवली होती. कुणी, ते त्याने विचारलं नाही.

आक्का परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. परवाना हातात आल्यावर ती गठ्ठे पोचवायला लागली आणि भाऊजी खुशीने बॉयलरपाशी बसले. पलीकडच्या तीरावरच्या लॉजचं कामही तिने मिळवलं.

मग एका सकाळी, टॉवेलांच्या घड्या घालता घालता, भिंगरी पुन्हा आडवा झाला. डोळे उघडले तेव्हा गालाखाली गरम टॉवेल होता, भाऊजी त्याला कुशीवर वळवून खांदा धरून बसले होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आहे मी. आहे मी इथे." शाळेपर्यंतच्या त्या हरवलेल्या रस्त्याचं कोडं त्यामुळे सुटलं नाही. पण त्या दिवसापासून भिंगरी रात्री कुशीवर वळताना 'गोळ्या लागू पडल्या तर कदाचित' असं जे मनाशी म्हणायचा, ते म्हणणं थांबलं. ते थांबल्यावर बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं वाटलं नाही. नुसतं थकल्यासारखं वाटलं, आणि पाय तरीही चुळबुळत राहिले. जित्याची खोड.

सुटीवाल्यांचा हंगाम सरला तेव्हा आक्काची चुळबुळ सुरू झाली. ती पुलाकडे बघत राहायची, यंत्र चालू ठेवून विसरायची. भाऊजींनी एकदा विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "काही नाही." भिंगरीला ते "काही नाही" ओळखीचं होतं.

"जा," त्याने तिला सांगितलं. "काम कमी आहे. चार दिवस जा कुठे तरी."

"तुला असं ठेवून?"

"मला भाऊजी आहेत. तू माझ्यासाठी थांबलीस ना, तर मीच पळून जाईन."

"आणि जाऊ कुठे?"

"ते निघाल्यावर ठरवायचं असतं."

ती एकटी गेली. तिच्याबरोबर पाण्याची बाटली, जादा चाक आणि एक उशी होती. भाऊजी दारात उभे राहिले, गाडी वळल्यावरही उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी बॉयलर पुसला. मग पुन्हा दारात गेले. दुपारपर्यंत त्यांनी इतक्या खेपा घातल्या की भिंगरीलाच म्हणावं लागलं, "भाऊजी, बसा बघू."

"पोचली असेल?"

"कुठे? तिलाच ठाऊक नाही कुठे जायचंय ते."

भाऊजींनी त्यावर बराच विचार केला. "असं असतं होय?" ते म्हणाले आणि खिडकीशी जाऊन पुलाकडे बघायला लागले.

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मागे ट्रकांची घरघर होती, वारा होता, आणि आक्का ओरडून बोलत होती.

"भिंगरी, अरे, तो तुझा कड्यावरचा रस्ता! एका बाजूला आभाळ आणि दुसऱ्या बाजूला मरण म्हणायचास तो! साधा चढ आहे रे. म्हशी चरतात तिथे!"

"धुकं असलं म्हणजे बघ."

"थापाड्या! पण त्याच्या पुढचं तू कधी सांगितलंच नाहीस. वर पोचलं की खाली दोन नद्या दिसतात, एकमेकींजवळ येतात आणि मिळतच नाहीत. लांबवर तशाच जातात. मी गाडी लावून बसले तिथे, चांगली ऊन उतरेपर्यंत."

भिंगरीने आठवून पाहिलं. त्या चढावरून तो किती वेळा गेला असेल, पण वर थांबल्याचं त्याला आठवेना. तिथे थांबायला काही कारणच नव्हतं.

"उद्या येतेस?" त्याने विचारलं.

आक्का म्हणाली, "बघते. इथून एक फाटा फुटतो, कुठे जातो कुणाला विचारलं नाही अजून. त्यांना दे."

भाऊजींनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. पलीकडून आक्का बोलत असावी, कारण ते मान हलवत होते, जणू तिला दिसणारच होतं. शेवटी ते म्हणाले, "तिसऱ्यात घे. रडवू नकोस तिला," आणि फोन ठेवून दिला.

मग दोघंही उठले. टेकडीवरच्या लॉजच्या चादरी वाळून पडल्या होत्या. एकाने दोन टोकं धरली, दुसऱ्याने दोन, आणि घडी घालायची म्हणून दोघंही एकाच वेळी एकमेकांच्या दिशेने चालायला लागले.